एका बुरशीची बखर

हजीरा ही ग्वाल्हेर शहरातील जुन्या-नव्याची सरमिसळ झालेली वस्ती आहे. एका अंगाला महंमद गौस यांचा दगडी जाळ्यांचा मकबरा आणि त्याच्या छायेत विसावलेली मियाँ तानसेनाची समाधी. दुसऱ्या अंगाला माधवराव महाराज शिंद्यांच्या अमदानीत, १९२१ साली, उभी राहिलेली जियाजीराव कापड गिरणी व तिच्याभोवती वसलेले बिर्लानगर. येथील रहिवाशाला गाण्याचा इतिहास सांगावा लागत नाही, गिरणीचाही लागत नाही. परंतु त्याच्या ताटातला भात ज्या डबरा-भितरवारच्या मुलखातून येतो, तेथील शिवारात दर पावसाळ्यात घडणाऱ्या एका लहानशा घटनेमागे केवढा विस्तीर्ण इतिहास उभा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. ती हकीकत तपशीलवार सांगण्याचा येथे उद्देश आहे.

हरसी धरणाच्या कालव्यांनी भिजणारा हा प्रदेश भाताचा आहे. संस्थानी अंमलातही तो भाताचा होता, आणि २०२० साली मध्यप्रदेश शासनाने आपल्या बासमतीला भौगोलिक मानांकन मिळावे म्हणून जी कैफियत मांडली, तीत १९४४ साली शिंदे संस्थानाने रयतेला भाताचे बियाणे पुरविल्याच्या दप्तरी नोंदीचा दाखला दिला होता. त्या दाव्याच्या न्यायान्यायाची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. आपल्याला खाचराच्या बांधावर जायचे आहे. लावणी होऊन काही आठवडे लोटले, की एकसारख्या हिरव्या खाचरात मधूनच एखादे रोप शेजारच्या रोपांहून वीतभर उंच झालेले दिसते. नवख्याला त्याचे कौतुक वाटावे; जाणता शेतकरी मात्र ते पाहताच चिंतेत पडतो. जवळ जाऊन निरखावे, तो पाने अरुंद आणि पिवळट. कांडी बारीक व लांबलेली. जमिनीच्या वरच्या पेरांनाही मुळ्या फुटलेल्या. आणि रोप मरणपंथाला लागले म्हणजे बुंध्यावर पांढुरकी-गुलाबी भुकटी धरलेली. एखादे रोप तगलेच, तर त्याच्या लोंबीत दाणा भरत नाही. पंजाब-हरियाणातील शेतकरी याला झंडा रोग म्हणतात, आणि पुसा बासमती ११२१ हे लांब दाण्याचे वाण उत्तरेत पसरल्यापासून या रोगाची तक्रारही वाढलेली आहे, कारण ते वाण त्याला फार लवकर बळी पडते.

जपानी शेतकऱ्यांना हा रोग शतकाहून अधिक काळ परिचित होता. त्यांनी त्याला बाकानाए, म्हणजे खुळे रोप, असे नाव दिले होते, आणि उंचावलेली रोपे उपटून बांधावर फेकणे एवढाच त्यांचा उपाय होता. १८९८ साली शोतारो होरी या शास्त्रज्ञाने हा रोग एका बुरशीमुळे होतो असे दाखवून दिले. आज ती बुरशी फ्युझॅरियम फुजिकुरोई या नावाने ओळखली जाते. मधल्या काळात तिचे शास्त्रीय नाव इतक्या वेळा बदलले, की जुने निबंध वाचणाऱ्याला ही एकच बुरशी आहे याची खात्री पटायला वेळ लागतो. परंतु रोगाचे कारण सापडले, तरी खरा प्रश्न जेथल्या तेथे राहिला. बुरशी लागलेली झाडे खुरटतात, कुजतात, वाळतात, हे जगभरच्या कृषकांना ठाऊक होते. हे रोप मात्र मरण्यापूर्वी वाढते. रोगाने वाढ का व्हावी?

या प्रश्नाचे उत्तर जपानात मिळाले नाही. ते जपानी अंमलाखालील तैवान बेटावर, ज्याला तेव्हा फॉर्मोसा म्हणत, मिळाले. केनकिची सावादा यांनी १९१२ साली असा तर्क मांडला होता, की बुरशीच्या तंतूंपासून रोपाला काहीतरी चेतना मिळत असावी. तर्क सूचक होता, पण तो तर्कच होता. त्याला प्रमाणाची जोड दिली ती एइची कुरोसावा यांनी. त्यांनी बुरशी द्रव पोषकद्रव्यात वाढविली, तो द्रव गाळून बुरशीपासून अलग केला, उष्णतेने निर्जंतुक केला, आणि निरोगी भातरोपांना दिला. त्या द्रवात जिवंत बुरशीचा लवलेशही उरला नव्हता; तरीही रोपे खाचरातल्या रोगट रोपांसारखीच लांबली. म्हणजे रोपाला उंच करणारी ती बुरशी नव्हे, तिने स्रवलेले कोणतेसे द्रव्य होते, आणि ते द्रव्य उष्णतेनेही नष्ट होत नव्हते. हा प्रयोग १९२६ साली फॉर्मोसाच्या निसर्गविज्ञान मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या प्रयोगाचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच ठरेल. त्याला मोठी उपकरणे लागली नाहीत. लागली ती केवळ एक सरळ शंका आणि ती तडीस नेण्याची चिकाटी. रोग आणि रोगी यांच्यामध्ये तिसरे काहीतरी आहे, आणि ते बाटलीत भरून वेगळे ठेवता येते, हा विचार त्या काळी वनस्पतिशास्त्रात नवा होता. कुरोसावांनाही तो विषाचा प्रकार वाटला असल्यास नवल नाही, कारण त्यांच्यासमोर उभी होती ती मरणारी रोपे. ग्वाल्हेरात त्या सुमारास माधवराव महाराजांच्या निधनाला वर्ष उलटले होते आणि हजीऱ्याच्या गिरणीत सूत कातले जात होते. हिंदुस्थानातील शेतीखात्यांना फॉर्मोसातील या निबंधाची वार्ता पोचायला पुष्कळ वर्षे जायची होती, जरी हाच रोग पुढे थोड्याच काळात मद्रास इलाख्यातील भातातही नोंदला गेला.

बाटलीतल्या त्या द्रव्याचा शोध आता टोकियोच्या साम्राज्यीय विद्यापीठात सुरू झाला. तेइजिरो याबुता व त्यांचे सहकारी युसुके सुमिकी हे कृषिरसायनशास्त्रज्ञ. १९३४ साली याबुतांच्या हाती पहिले स्फटिक लागले, आणि त्यांनी रोपांवर परीक्षा करून पाहिली, तो विपरीतच घडले: प्रमाण कितीही ठेवले, तरी रोपांची वाढ खुंटली. ते द्रव्य म्हणजे फ्युझॅरिक आम्ल. एकाच बुरशीच्या पोटात वाढविणारे आणि वाढ रोखणारे असे दोन्ही पदार्थ नांदत होते, आणि संशोधकाच्या वाट्याला प्रथम आला तो नको असलेला. अशा वेळी पुष्कळांनी हात टेकले असते. याबुतांनी बुरशी वाढविण्याचे माध्यम बदलले, शोध चालू ठेवला, आणि १९३५ साली वाढ घडवून आणणारा अर्धशुद्ध पदार्थ मिळवून, बुरशीच्या तत्कालीन जिबरेला या नावावरून, त्याला जिबरेलिन हे नाव दिले. १९३८ साली याबुता व सुमिकी यांनी जिबरेलिन अ आणि जिबरेलिन ब असे दोन स्फटिकरूप पदार्थ जाहीर केले.

नंतर युद्ध आले. हे सर्व लेखन मुख्यत्वे जपानी भाषेत, जपानी नियतकालिकांत पडून होते, आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी त्याकडे जवळपास ढुंकूनही पाहिले नव्हते. ऑक्झिन हे वाढीचे एक संप्रेरक सापडले होते, आणि वनस्पतीच्या वाढीचे सारे गूढ त्यातच सामावले आहे असे मानण्याची तेव्हा प्रवृत्ती होती. भाषेच्या आडपडद्याने आणि अहंभावाने ज्ञानाची किती वर्षे वाया जातात, याचे हे एक ठळक उदाहरण आहे, असे मला वाटते.

युद्ध संपल्यावर अमेरिकेतील कॅम्प डेट्रिक येथे जॉन मिचेल यांनी, आणि इंग्लंडात इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या वेलविनजवळील प्रयोगशाळेत पर्सी ब्रायन यांच्या मंडळीने, हे जपानी काम नव्याने हाती घेतले. अमेरिकन शेतीखात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत फ्रँक स्टोडोला व त्यांचे सहकारी मोठ्या प्रमाणावर बुरशी आंबवू लागले, तेव्हा आरंभी हाती काहीच लागेना. माध्यमात मॅग्नेशियमची वाण होती, आणि ते मिळताच बुरशी द्रव्य देऊ लागली. १९५४ साली इंग्लंडातील कर्टिस व क्रॉस यांनी एक शुद्ध पदार्थ वेगळा करून त्याला जिबरेलिक आम्ल असे नाव दिले. त्याच सुमारास टोकियोत ताकाहाशी, तामुरा व सुमिकी यांनी आपले जुने जिबरेलिन अ हे एकजिनसी नसून तीन पदार्थांचे मिश्रण आहे असे दाखविले. त्यांतला तिसरा पदार्थ व इंग्रजांचे जिबरेलिक आम्ल एकच ठरले. दोन्ही पक्षांनी वाद वाढविला नाही, हे त्यांच्या सौजन्याचे लक्षण म्हटले पाहिजे. पुढे १९६८ साली इंग्लंडचे जेक मॅकमिलन व जपानचे नोबुताका ताकाहाशी यांनी मिळूनच या सर्व पदार्थांना क्रमांक देण्याची पद्धती ठरवून दिली. आज ही यादी १३६ पर्यंत गेली आहे.

पण या हकीकतीतील सर्वांत विलक्षण वळण निराळेच आहे. हे द्रव्य बुरशीचे विष आहे, अशी समजूत १९५० पर्यंत कायम होती. १९५६ साली कॅलिफोर्नियात बर्नार्ड फिन्नी यांनी खुज्या मक्याच्या काही जातींना हे आम्ल दिले, आणि ती झाडे नेहमीच्या मक्याएवढी उंच झाली. तर इंग्लंडात मार्गारेट रॅडली यांना निरोगी वनस्पतींतही याच जातीचे द्रव्य असल्याचे आढळून आले. १९५८ साली मॅकमिलन व सूटर यांनी एका प्रकारच्या घेवड्याच्या कोवळ्या बियांतून एक जिबरेलिन शुद्ध स्वरूपात काढून दाखविले. म्हणजे ज्याला विष म्हणून हिणवले, ते वनस्पतीचे स्वतःचेच संप्रेरक होते. बी रुजते, कांडी लांबते, कळी धरते, त्या प्रत्येक क्रियेत याचा हात असतो. भातावरची बुरशी काही परके हत्यार चालवीत नव्हती. ती रोपाला त्याचेच द्रव्य भरमसाट देत होती. आणखी नवल असे, की जिबरेलिन घडविण्याची वनस्पतीची रीत आणि बुरशीची रीत या दोन निरनिराळ्या आहेत, असे गेल्या तीस-चाळीस वर्षांतील जनुकीय संशोधनाने सिद्ध झाले आहे. बुरशीने ही विद्या वनस्पतीकडून चोरली नाही. दोघे स्वतंत्र वाटेने एकाच मुक्कामी पोचले.

येथे तैवान बेट पुन्हा या इतिहासात येते. त्याच बेटावर दी-जिओ-वू-जेन नावाची एक खुजी भाताची जात पूर्वापार होती. तिच्या संकरातून तेथे तायचुंग नेटिव्ह १ हे वाण १९५६ साली निघाले, आणि फिलिपीन्समध्ये आयआर ८ हे वाण १९६६ साली. ही दोन्ही वाणे हिंदुस्थानात आली. तायचुंगच्या रक्ताचे जया हे वाण १९६८ साली आपल्याकडे निघाले. खते घालावीत, पीक भरावे, आणि तरी धाट लोळू नये, हे या खुज्या भातांनीच साधले. ही खुजी जात खुजी का, याचा उलगडा २००२ साली झाला: तिच्यात जिबरेलिन घडविणारे एक जनुक बिघडलेले आहे, त्यामुळे ती ते द्रव्य पुरेसे घडवीतच नाही. मेक्सिकोच्या बुटक्या गव्हाची गोष्टही याच कुळातली. त्यातील खुजेपणाचे जनुक, जे जपानच्या नोरिन १० या गव्हातून आले, जिबरेलिनची हाक ऐकू येऊ देत नाही, असे १९९९ साली स्पष्ट झाले. हे सर्व नंतर कळले. त्या बुटक्या गव्हाची पैदास करणारे बोरलॉग आणि त्यांच्यासारखे प्रजननकार केवळ डोळ्यांनी पारखून, पिकाचे धाट पाहून, निवड करीत होते. ज्या द्रव्याच्या अतिरेकाने जपानचा शेतकरी नागवला गेला, त्याच द्रव्याच्या तुटीने आपल्या देशाची दुष्काळाची धास्ती मिटविली. गेल्या शतकातील कृषिविद्येत याहून मोठा योग माझ्या वाचनात आलेला नाही.

एवढ्यावरून असा ग्रह होऊ नये, की भातावरील ही एकच बुरशी संप्रेरकांच्या या दरबारात मानकरी आहे. बदाम व पीच यांवर रोग आणणाऱ्या बुरशीपासून १९६४ साली इटलीतील बालिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्युझिकॉक्सिन नावाचे द्रव्य वेगळे केले; ते पानांवरील रंध्रे बळेच उघडी ठेवते आणि झाड कोमेजून जाते. वनस्पतीला विसाव्याची आज्ञा देणारे ॲब्सिसिक आम्ल हे गुलाबाच्या पानावरील एका बुरशीत १९७७ साली सापडले. रोग न आणता वनस्पतीच्या मुळात वा खोडात निमूटपणे राहणाऱ्या बुरशींकडे तर अलीकडेच लक्ष गेले. राजस्थानच्या थरच्या वाळवंटातील झुडपांच्या मुळांजवळची एक बुरशी अजित वर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली नोंदविली, जी निरनिराळ्या वनस्पतींच्या मुळांत शिरून त्यांची वाढ जोमदार करते. कोरियाच्या समुद्रकाठच्या वाळूत वाढणाऱ्या एका वेलीच्या मुळातून २००८ साली एक पेनिसिलियम जातीची बुरशी निघाली, आणि तीही जिबरेलिने स्रवते असे दिसले. कुरोसावांच्या बाटलीतील प्रश्न अशा रीतीने वाळवंटापासून सागरतीरापर्यंत पसरला आहे.

परंतु मराठी वाचकाचा या बुरशीशी सर्वांत निकटचा संबंध आला तो भाताने नव्हे, द्राक्षाने. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षात बी धरते खरे, पण थोड्याच दिवसांत खुरटून जाते. मण्याला फुगविणारे जिबरेलिन मुख्यत्वे बियांकडूनच मिळत असते. बी गेले की मणी लहानच राहतो. कॅलिफोर्नियात रॉबर्ट वीव्हर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस या द्राक्षावर जिबरेलिक आम्ल वापरून पाहिले, आणि बियांची ती उणीव बाहेरून भरून निघते असे सिद्ध केले. महाराष्ट्रात द्राक्षबागायतदार संघाची स्थापना १९६० च्या सुमारास पुण्यात झाली, आणि त्यानंतरच्या दशकांत नाशिक, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांत थॉमसन आणि जिबरेलिक आम्ल ही जोडी एकत्रच रुजली. बागेत याचे नाव केवळ जीए.

ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटतात, फुटीत घड दिसू लागतो, आणि तो पोपटी रंगाच्या अवस्थेत आला की दहा पीपीएमचा पहिला फवारा मारतात, आणि काही दिवसांनी पंधराचा. एक ग्रॅम भुकटी शंभर लिटर पाण्यात, म्हणजे दहा पीपीएम. भुकटी पाण्यात सहज विरघळत नाही. ती आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात घालतात, आणि पाण्याचा सामू आम्लाच्या बाजूला आणण्याकडे लक्ष देतात. या फवाऱ्याने घडाचा सांगाडा लांबतो, पाकळ्या, म्हणजे घडाच्या उपशाखा, मोकळ्या होतात, आणि मणी दाटीने एकमेकांना चिरडत नाहीत. मग फुलोरा ओसरतो, मणी तीन-चार मिलिमीटरचे झाले की घड बुडविण्याचे काम येते, आणि सहा-सात मिलिमीटरचे झाले की पुन्हा एकदा. हे काम पाहिले, म्हणजे शास्त्र आणि श्रम यांचा संबंध उमगतो: मजूर स्त्रिया एका हातात द्रावणाचा प्लास्टिकचा मग घेऊन मांडवाखाली ओळीने पुढे सरकत जातात आणि प्रत्येक घड मगात पूर्ण बुडवून, क्षणभर धरून, हळूच सोडतात, एकही घड राहू नये आणि एकही घड दोनदा बुडू नये याचे भान त्यांनाच ठेवावे लागते. त्या द्रावणात टोकियो, पिओरिया आणि वेलविन येथील अनेक वर्षांची तपश्चर्या विरघळलेली असते. बागेच्या हिशेबात तिची नोंद मजुरी आणि औषध अशी दोन ओळींत होते.

हे औषध कारखान्यात बनते ते त्याच बुरशीपासून. मोठ्या टाक्यांत ती द्रवात वाढविली जाते, आणि तेथे तिचा एक स्वभाव फार उपयोगी पडतो: माध्यमात नत्र भरपूर असेपर्यंत ती फक्त अंग धरते, जिबरेलिन देत नाही, नत्र संपले की मगच देऊ लागते. कारखानदार म्हणून नत्र मोजूनमापूनच घालतो. भाताच्या खाचरात मात्र तिच्यावरचा उपाय निराळा: बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे पोचट दाणे काढावे, उरलेल्या बियाण्यावर ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची प्रक्रिया करावी, आणि उंच रोप दिसताच मुळासकट उपटून नाहीसे करावे.

द्राक्षाच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. जीएने मणी फुगतो, म्हणून ते वाढवीत नेले, तर देठ जाड व काष्ठवत् होतो, काढणीनंतर मणीगळ वाढते, आणि पुढील हंगामात घड धरण्याची वेलीची शक्ती मंदावते. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी प्रत्येक अवस्थेसाठी मोजून दिलेल्या असतात, आणि त्या मोजून पाळल्या तरच गुण देतात. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे, की महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांनी केवळ बाटलीवर भिस्त ठेवली नाही. सांगली जिल्ह्यातील तासगावजवळच्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेत वेगळी दिसणारी वेल हेरून तिची निवड केली आणि तास-ए-गणेश हे वाण दिले. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधूनच सोनाका हे लांब मण्याचे वाण निवडले. शेजारच्या सगळ्यांहून निराळी वाढलेली एक फांदी पाहून ती छाटून टाकायची की जपायची, हा निर्णय त्यांनी बागेत उभे राहून, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून घेतला. आणि त्यांच्या निवडीतून आलेल्या वेली आज महाराष्ट्राच्या हजारो एकरांवर उभ्या आहेत.